पेजेतला केस

सकाळी पेजेत केस दिसला.
चमच्याने ढकलला, हलला. उचलायला गेले, आला नाही.
रेश्मावर ओरडले,
‘गो, केस घालून पेज वाढतंस माका?’
ती काही बोलली नाही. दुसरी वाटी आणली.
दुसऱ्या वाटीतही तोच,
तसाच, शेपटीला गाठ मारलेला.

मग तो पेजेतून उठून चुन्याच्या भिंतीवर गेला,
भिंतीवरून केळूसच्या आभाळात.
नीट बघू म्हटलं की सरकायचा,
वाळूवरची कुर्ली जशी,
आपण पाऊल उचललं की पाऊलभर पुढे.

रात्री डाव्या डोळ्याच्या कडेला उजेड.
विहिरीवर कोण बॅटरी मारतंय म्हणून दोनदा उठले.
विहिरीवर कोणी नव्हतं.
डोळे मिटले तरी बॅटरी चालूच.

कुडाळात डॉक्टर नाबरांनी थेंब घातले,
तासभर बाकावर बसवलं,
कपाळाला दिवा बांधून आत डोकावले.
आत म्हणे गर असतो,
शहाळ्यातल्या मलईसारखा, भिंतीला धरून.
साठी उलटली की आटतो, पाणी सुटतं,
आणि एक दिवस भिंत सोडतो.
त्याच्या दोऱ्यांची सावली, तो माझा केस.
सोडताना बसलेली ओढ, ती माझी बॅटरी.
‘वयाचा असा, घाबरा नको.
पण काजळी उडाल्यासारखी दिसली,
नायतर कडेन पडदो उतरलो,
तर त्याच दिवशी ये. चतुर्थी असली तरी.’

मी मान हलवली. गोटा मला ठाऊक आहे.
चाळीस वर्षं माळ्यावर नारळ सुकवले,
एकेक कानाशी धरून हलवला.
आत खुळखुळला की समजायचं, खोबरं सुटलं,
फोडलं तर अख्खं हातात येईल.
सुटायच्या आधी ओढलंत
तर करवंटीची साल घेऊन येतं.
हे त्यांना सांगितलं नाही.
बाहेर अकरा जणं बसली होती.

परतताना बाहुल्या सताड उघड्या.
खाडीवरचं ऊन एसटीच्या खिडकीतून आत,
दार नसलेल्या घरात गुरं शिरावीत तसं.
मी पदर ओढून बसले.
कंडक्टरने सुटे पैसे हातावर मोजून दिले.

आता रोज एक डोळा झाकून
शेजाऱ्यांच्या होडीची डोलकाठी बघते.
उजवा. मग डावा.
कडेला काळोख नाही अजून.
केस आहे. असू दे.

रेश्मा मात्र त्या दिवसापासून
डोक्याला फडकं बांधून पेज वाढते.
आज सांगेन म्हणते,
आणि वाटी पुढे करते.