वाळू वाळू घातली

कीथलीत नोव्हेंबरात काहीच वाळत नाही.
टॉवेल नाही, बूट नाहीत,
शेडमधली साच्याची वाळूही नाही.
ती जुन्या ट्रेमध्ये पसरून हीटरपाशी ठेवली,
म्हणजे वाळू वाळू घातली,
आणि एकटीच हसले.
इथे हा विनोद कुणाला सांगू?

पहिल्या खेपेला पाणी जास्त झालं.
स्कूटरचे पिस्टन वितळवून रस ओतला
तर साचा आतून तडतडला,
तापल्या तेलात ओला कढीपत्ता पडावा तसा.
एक थेंब बुटावर. डाग अजून आहे.
निघालेली कप्पी करवतीनं कापली :
भोकंच भोकं.
दिवसभर लोकांच्या छातीचे एक्स-रे काढते मी.
ही छाती असती
तर लगेच डॉक्टरांना बोलावलं असतं.

मग कुंपणावरून ओल्ड्रॉइड आले.
नावातच ओल असलेला माणूस.
चाळीस वर्षं फाउंड्री, आता गुडघे आणि मांजर.
माझा मीटर त्यांनी बाजूला सारला,
मूठभर वाळू आवळली, उघडली.
चार बोटांचे ठसे, तळव्याची एक रेघसुद्धा.
मग ती वळी मधोमध मोडली,
बिस्किट मोडावं तशी.
चिकटली तर जास्त, ढासळली तर कमी.
एवढंच बोलले.
चहा नको म्हणाले.

चहा नकोच म्हणणार.
मार्चमध्ये मॉरीन गेली तेव्हा
मी रोज डबा नेत होते. वरण, भात, गाजराची कोशिंबीर,
शिवाय दारात उभं राहून बोलणं.
पंधराव्या दिवशी दार उघडलं नाही.
पायरीवरचा भात मांजरीनं हुंगला
आणि तीही निघून गेली.

ओलावा जास्त होतो
हे मला साच्याआधी
कळायला हवं होतं.

आता तीनच फवारे. चाळणी.
रात्रभर झाकण घालून ओल मुरू देते.
सकाळी मूठ.
कडा भुसभुशीत, पुन्हा अर्धा फवारा.
विणायच्या सुईनं साच्याला टोचे, वाफेला वाट.
ओतलं. नुसती धुसफुस,
सुईच्या भोकांशी निळसर ज्योत, मग गप्प.
उकरायची घाई केली नाही.

कप्पी मॉरीनच्या कपड्यांच्या दोरीची.
जुनी गंजून तुटली होती, ती तशीच लोंबत होती उन्हाळाभर.
नवी त्यांच्या पायरीवर ठेवली, चिठ्ठीशिवाय,
आणि परत आले.

आज दोरीवर एक शर्ट आहे.
पाऊस पडतोय, शर्ट भिजतोय.
मी खिडकीशी आहे.
सांगायला जात नाही.