दीड बोट

गाडी जुनी, दोनच माणसांची, जमिनीला जवळजवळ टेकलेली.
पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याकडून घेतली.
त्याची उंची सहा फूट दोन, माझी पाच फूट एक.
सीटच्या फोममध्ये तो अजून बसलेला आहे,
मी बसते ती त्याच्या मांडीवर.

पहिल्या दिवशी आरशात नुसतं आभाळ,
आणि समोर बॉनेट असावं अशी श्रद्धा.
सीट पुढे घेतली तर गुडघे स्टिअरिंगला,
मागे घेतली तर क्लच अर्धाच दबतो
आणि गिअर असा कण्हतो
की कॉलेज रोडच्या सिग्नलला
पावभाजीवाल्याने तव्यावरचा हात थांबवला.

विद्याधर म्हणाला, या वयात?
मग म्हणाला, हिच्यात बसायचं की पडायचं?
आधी पडायचं, मी म्हटलं,
मग पाय आत ओढून घ्यायचे.

एकतीस वर्षं मी लोकांना खुर्चीत नीट बसवत आलेय.
पायाखाली पेडल. थोडं वर. थोडं मागे.
मान टेकवा, सैल सोडा, आता आ करा.
अर्ध्या सातपूरच्या दाढा मला तोंडपाठ,
माझ्या स्वतःच्या स्टुलाचं एक चाक
आठ वर्षं तुटलेलं होतं
आणि मी त्या बाजूला झुकायला शिकले होते.

कुणीतरी सांगितलं, पाठ न उचलता
मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे.
डावं टेकलं.
उजवं चार बोटं अलीकडे,
दारात अडलेल्या पाहुण्यासारखं.

शेवटी द्वारकेपलीकडे, टाकळी रोडला, सानपच्या कुशनच्या दुकानात.
ट्रकची बाकडी, रिक्षांची हुडं,
कुणाच्या तरी लग्नातल्या सोफ्याचं जांभळं मखमल.
सानपने टेप काढलीच नाही.
मला आत बसवलं, स्वतः समोर उभा राहिला,
एक डोळा मिटून, भिंतीवरचा फोटो तपासावा तसा.
म्हणाला, मॅडम, गाडी सरळ आहे.
डावा खांदा तुमचा दीड बोट खाली आहे.

ट्रकवाला उजव्या कोपरातून झिजतो, म्हणाला,
शिंपी मानेतून.
तुम्ही काय करता?
दात, मी म्हटलं.
मग बरोबर.

त्याने सीट उसवली.
आतून एक रुपया निघाला, पेनाचं टोपण,
आणि एक मनुका, दगडासारखा.
द्राक्षवाला असा तुकड्यातुकड्याने बाहेर आला.
मग फोम कापला, रुळांखाली वॉशर घातले,
कमरेशी एक गादी, बाळंतिणीला देतात तेवढी मऊ,
आणि डावीकडे दीड बोटाची पाचर.

पैसे घेताना त्याने गालावर हात ठेवला.
कधीपासून? विचारलं.
दिवाळीपासून.
मी त्याला त्याच सीटवर बसवलं,
पाठ मागे पाडली, मोबाइलचा टॉर्च लावला.
थोडं मागे. मान टेकवा. आ करा.
खालची शेवटची दाढ, आडवी, शेजारणीवर रेललेली.
दाराबाहेर गुडघे टेकून वाकले होते मी
आणि डावा खांदा आपोआप खाली गेला,
बरोबर दीड बोट.
सानप तोंड उघडं ठेवूनच हसला. त्याने पाहिलं होतं.

रविवारी सहाला निघाले.
सोमेश्वरच्या पुढे रस्ता मोकळा झाला, चौथा पडला,
टाच जिथे असायला हवी तिथे होती,
दोन्ही मनगटं माथ्यावर.
गंगापूर गावातल्या गतिरोधकावर
पोट घासलं गाडीचं, माझी पाठ गप्प राहिली.
एवढ्या वर्षांत ती अशी गप्प राहिल्याचं आठवेना.
मी दोनदा वळून पाहिलं, आहे ना.

धरणापाशी थांबले.
दार उघडलं, एक पाय बाहेर ठेवला,
आणि उठताच येईना.
अर्धा तास तशीच, पाण्याकडे बघत.
विद्याधरचा फोन आला तेव्हा म्हटलं,
उतरावंसंच वाटत नाहीये.