तक्ता तीनच्या खालची ओळ

डॉक्टर इनामदार बाईंचा निबंध छापून आला.
अकरा पानं. मी प्रिंट काढली
जुन्या इंडेंट फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर,
कारण प्रयोगशाळेत कागद येतो तो मार्चनंतर.
शीर्षकात अंबाजोगाई आहे.
एवढं बघून आधी चहा मागवला.

मग शब्द लावत बसलो. माझं इंग्रजी
नळीवरच्या लेबलाएवढंच:
टीएसएच, अँटी-टीपीओ, वय, उपाशीपोटी.
तरी कळत गेलं. त्यातला एकेक आकडा
आधी माझ्या हातात होता, कोमट.

तीनशे बारा बायका.
पूस, बर्दापूर, घाटनांदूर, ममदापूर.
लिहिलंय, नमुने शीत साखळीतून आणले.
साखळी म्हणजे स्टँडमागच्या हनीफ गारेगारवाल्याचा बर्फ,
भुसा झटकून,
आणि माझी मोटारसायकल.
मे महिन्यात लोखंडीच्या फाट्यावर डबा उघडला
तर नुसतं पाणी, त्यात बारा नळ्या तरंगत्या.
त्या बाराजणी परत आल्या टोचून घ्यायला.
एक मनली, रगत काय हीर हाय का वो, उपसायला?
आणि बाही वर केली.

बाई त्यांना समजावायच्या:
गळ्यात एक ग्रंथी असते, फुलपाखराएवढी.
अंगाची राखण करणारंच काहीतरी
उलटतं तिच्यावर, तिला परकी समजून.
बायका माना हलवायच्या, नजर दाराकडं.
मागून आसराबाई बोलली,
मंजी कुंपणच शेत खातंय मना की.
सगळ्या हसल्या. मग एकदम गप झाल्या.

ते वाक्य मी अकरा पानांत शोधलं.
नाही.

पुढं आहे: थकवा, केस गळणं, अंगावर सूज,
पाळीचा घोळ, पोटात मूल न टिकणं.
घरोघर ज्याला अंगचोरपणा मनत होते
त्याच्यापुढं आता पी व्हॅल्यू आहे,
टिंबानंतर दोन शून्यं.
एक 'आळशी' खोडायला केवढं गणित लागलं.
मीही मनायचो. घरी.
नमुना क्रमांक अठ्ठ्याऐंशीला.

तक्ता तीनच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात:
सहा महिन्यांनी पाठपुरावा न झालेल्या, एकोणचाळीस.

हरवल्या नव्हत्या त्या.
दसरा झाला, मुकादमाचा ट्रक आला,
चूल, ताडपत्री, लेकरं, कोंबड्या वर चढल्या.
कोणी बेळगावकडं, कोणी कोल्हापूरकडं.
मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता,
मंजी ही अर्धी.
बाईंच्या तक्त्यात तेवढीही नाही.
आसराबाईला मी फोन केला होता.
मागं उसाचा पाला करकरत होता.
गोळी पहाटंच घेते दादा, मनली,
उपाशीपोटीच. त्याची काळजी नगा करू.
हे कुठल्या रकान्यात भरायचं मला कळलं नाही.
रक्त काढल्याशिवाय ती मोजता येत नव्हती.

शेवटी आभार. तिथं मी आहे, एम. ढवळे.
मी ढवारे.

प्रिंट घेऊन बाईंकडं गेलो.
त्यांनी चष्मा काढला, दुरुस्ती पाठवते मनल्या.
मी मनलं, नावाचं राहू द्या,
आसराबाईचं वाक्य कुठंय?
टाकलं होतं रे, मनल्या.
परीक्षकानं समासात विचारलं: संदर्भ?

मग दोघंही बराच वेळ खिडकीतून
ओपीडीची रांग बघत राहिलो.
नव्या अभ्यासाचा अर्ज गेलाय.
मंजुरी आली तर पाडव्यानंतर सुरू करू, मनल्या,
तेव्हा गाव भरलेलं असतं.

जाताना हनीफला सांगून ठेवलं.
तो मनला, बर्फ देतो,
पण औंदा डबा तरी नवा आण.