सातवी सही

सहा चालणार नाहीत, कारकूनबाई म्हणाल्या, सात लागतात.
सात सह्या, एक नियमावली, दाराला आतून कुलूप,
मग तो खाजगी क्लब.
नाहीतर दर यंत्रामागे वर्षाचा परवाना,
आणि आमच्याकडे पिनबॉलची यंत्रं नऊ,
त्यांतली चालू चार.

आर्विड हाल्वोर्सनच्या तळघरातून
आम्ही ती एकेक वर ओढली होती,
पाय सुटे करून, काचा गोधड्यांत गुंडाळून.
आर्विडने चाळीस वर्षं डुलुथच्या धक्क्यावर
खनिजाच्या बोटी भरल्या,
पण जिन्याच्या वळणावर तोच म्हणाला, हळू, तिला लागेल.

जागा बंद पडलेल्या लाँड्रीची.
फरशीत अजून धुलाईयंत्रांचे बोल्ट,
थंडीत पाइप कण्हायचे,
सोलेनॉइड तापले की तापल्या धुळीत
कुणाच्या तरी जुन्या साबणाचा वास.

नियमावलीवर तीन रात्री गेल्या.
काचेवर पेला ठेवू नये, इथवर एकमत.
घोडं अडलं ते धक्क्यावर:
यंत्राला ढकलावं किती?
आत एक लोलक टांगलेला असतो, कड्याच्या मधोमध.
कड्याला टेकला की दिवे जातात,
फ्लिपर मरतात, गोळी डोळ्यांदेखत गटारात.
लव्हॉनने लिहिलं, 'यंत्राला कळावं, लोलकाला कळू नये.'
नीमी भावांनी ते खोडलं.
(गुण सोडून दुसऱ्या कशावर
ते एकमेकांशी बोललेले मी तेव्हा प्रथम ऐकले.)

सातवी सही बर्निस ओस्टबीची.
वय अठ्ठ्याहत्तर, जागेची मालकीण,
भाडं मागायला आली होती.
मला काय करावं लागेल?
काही नाही.
ते जमेल, म्हणाली, आणि स्वतःचं पेन काढलं.

मी खजिनदार.
दर महिन्याला एका हाताने ती भाडं घ्यायची,
दुसऱ्या हाताने वर्गणी द्यायची, पावतीसाठी थांबायची.
गुरुवारी कोपऱ्यात विणकाम.
यंत्रांकडे तिची पाठ.

फेब्रुवारीत, सरोवर पार आतपर्यंत गोठलेलं,
उणे तीस, आम्ही सातच,
ती उठली आणि तिसऱ्या यंत्रापाशी गेली.
प्लंजर ओढला. धरून ठेवला.
सोडा, रिस्तो नीमी म्हणाला.
तिने सोडला, पण हाताने, सावकाश,
झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लावतात तसा.

गोळी अर्धी वाट चढली,
थबकली,
आणि घरंगळत परत तिच्यापाशी.
आली की गं, ती म्हणाली.
पुन्हा ओढला.

अकरा वेळा.
बंपर पेटले नाहीत, घंटा वाजली नाही,
पहिली गोळी पहिलीच राहिली.
असं खेळत नाहीत, हे सांगणारा नियम
नियमावलीत नव्हता,
आणि तोंडी कुणी सांगितला नाही.

वहीत मी तारीख घातली,
तिचं नाव, पुढे शून्य,
मग जरा थांबून, शून्य गुणिले अकरा.
आर्विड उठून दाराशी गेला,
कुलूप नीट लागलंय ना बघून आला.