कंस सुचवतो

ओळ एकशे बाराखाली पिवळी रेघ.
कंपायलर म्हणाला: 'ऑर'च्या पोटात 'अँड' आहे,
इथे कंस घालावा, असं सुचवतो.
सुचवतो. चूक म्हणत नाही.
ओटीवर सुपारी कातरत बसलेला म्हातारा
मान वर न करता म्हणतो तसं: बघा बुवा.

मी बघितलं नाही.
देवगड बंदराच्या वर, मच्छीमार सोसायटीच्या माडीवर
खालून बर्फाच्या कारखान्याची घरघर,
टेबलावर बांगड्याचा वास मुरलेली रजिस्टरं
आणि स्क्रीनवर अशा दोनशे सहा रेघा.
हे व्हेरिएबल कुठे वापरलंच नाही.
हा आकडा त्या आकड्यात मावेल ना?
पुळणीवरच्या कुत्र्यांसारख्या,
येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांवर भुंकतात
म्हणून कुणी वळून बघत नाही.

पुण्याहून आमोद फोनवर म्हणाला,
ज्यांना नियम पाठ नाहीत त्यांच्यासाठी असतं ते. बंद करून टाक.
मला नियम पाठ होते.
शेट्ये मास्तरांनी कंचेभागुबेव
पट्टीच्या तालावर घोटून घेतलं होतं,
आणि 'किंवा'च्या आधी 'आणि', हे पुढे पुस्तकात वाचलं होतं.
पाठ होतं. रात्री साडेअकराला हाताला आठवलं नाही, इतकंच.

बंद नाही केलं. त्याहून वाईट केलं.
तो म्हणाला तिथे, म्हणाला तस्सा,
एकेक कंस घालत गेले. तसले एकोणीस होते.
रेघा गेल्या.
ओहोटीनंतरच्या वाळूसारखी स्क्रीन,
पाऊलसुद्धा नाही कुणाचं.
मी चहा प्यायले.

नियम सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलेला:
परवाना किंवा नूतनीकरणाची पावती, आणि थकबाकी नको.
यंत्राने वाचलं: परवाना आहे? मग जा.
नसेल तर पावती, आणि थकबाकी नको.
तो आधीपासून तसंच वाचत होता.
मी फक्त त्याच्या वाचण्याला
दोन्ही बाजूंनी कुंपण घातलं.

सात होड्या थकबाकीसकट डिझेल भरून गेल्या.
शनिवारी टाकीचा तळ वाजला.
सुनंदा खवणेकर, एक रुपया देणं नाही,
तिची 'जलकन्या' तीन दिवस वाळूत कलंडलेली.
ती जिना चढून आली. भांडली नाही.
म्हणाली, माजा नाव खय अडाकला, ता बघ जरा.

मी नऊ वर्षांची असताना बाबांनी पाठवलं होतं:
बरफ नायतर मीठ... आनि दोन टोपली घेवन ये गो.
मी बर्फ आणला. नुसता बर्फ.
टोपली? ती मिठाबरोबर ना?
बाबा खूप वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले,
मी मदी थांबललंय मा?

थांबले होते. श्वासाएवढे.
तो श्वास टाइप होत नाही.
आणि कंपायलरला काय ठाऊक असतं?
तो कसा वाचणार, एवढंच.
मी कुठे थांबले होते, हे त्याला कोण सांगणार?
तरी त्याने हटकलं होतं,
आणि हटकलं होतं नेमक्या त्याच जागी.
आमोदला हे सांगायचं राहिलं.

त्या रात्री ओळ एकशे बारा मोठ्याने वाचली,
बाबांच्या आवाजात, बाबांएवढी थांबून.
कंस उचलला, एक शब्द अलीकडे आणून ठेवला.
पडवीत बाबा जाळं विणत होते.
काय केलंस इतकी रात?
कंस हलवला.
किस्नाचो मामो? दशावतारातलो?
नाही, दुसरा.
हां, म्हणाले, आणि गाठ आवळली.

आता बाकीचे शोधते आहे.
त्यांच्याखाली रेघ नाही, मीच पुसली.
एक झाला.
अठरा कुठे कुठे घातले होते,
आठवावं लागेल.