चार गुण

रात्रीचे सव्वाबारा. पामबीच रोड, करावे गावाचा सिग्नल.
बॅरिकेड आडवे. घुगे गाड्या थांबवतो,
मी नळ्या बदलते.
प्रत्येक तोंडाला नवी नळी,
प्रत्येक तोंडात तेच जुनं वाक्य:
मॅडम, दोनच बियर.
जेवणाआधी. कधीचीच उतरली.
सगळी नवी मुंबई दोनच बियर पिते.
मशीनला मात्र गणित येतं.

मग एक स्कूटर आली, जरा डावीकडे कलंडत,
पण इंडिकेटर देऊन, नियमाने कडेला थांबली.
हेल्मेट काढलं त्यांनी
आणि मी नववीत गेले.

ओतूरकर सर.

फुंका, असं म्हणायचं असतं.
जोरात, न थांबता, बीप वाजेपर्यंत.
हजार जणांना म्हटलं असेल आजवर,
आता जीभ टाळूला चिकटली.
"किती घेतलीत, सर?"
"तीन. मोठे. आणि निघताना अर्धा."
त्या रात्री खरं बोललेला
एवढा एकच माणूस.

फुंकले. छातीत कुठेतरी बारीक शीळ वाजली.
आकडा चढत गेला, थांबला एकशे चारवर.
इथे तीसच्या वर गेलं की नापास.
"किती पडले?" सरांनी विचारलं,
चष्म्यावरून बघत, जसं आम्ही कधीच
त्यांना विचारू शकलो नाही.

मला एकतीस पडले होते.
पस्तीसला चार कमी.
आई सुक्या बोंबलांची पुडी घेऊन शाळेत गेली,
पदराखाली, जणू वासही पदराखाली राहतो.
सर म्हणाले, ताई, आकडा माझा नाही, तिचा आहे.
पुडी परत, वर्षही परत,
त्याच बाकावर, धाकट्या पोरींच्या रांगेत.
पुढच्या साली अठ्ठावन्न आले तेव्हा
आईने बोंबील तळले
आणि सरांच्या नावाने बोटं मोडत खाल्ले.

घुगे कानाशी लागला: "ओळखीचे ना? सोड की.
म्हातारा माणूस. मशीन चुकतं कधीकधी."
रस्ता रिकामा होता. ओहोटीचा चिखल
खाडीकडून वास मारत होता.
मी पेन उघडलं. बंद केलं.
उघडलं.

"भगत," सर म्हणाले,
अजून आडनावानेच,
"तारीख चुकलीय तुझी. बारा वाजून गेले."

खरंच चुकली होती. खोडून आजची घातली.
कलम एकशे पंच्याऐंशी. लायसन जमा, स्कूटर चौकीत.
त्यांनी सही केली आणि खाली दोन रेघा ओढल्या,
प्रगतिपुस्तकावर ओढायचे तशा.
रिक्षा थांबवली मी. नको म्हणाले.
फुटपाथच्या एकेका लादीवर एकेक पाऊल टाकत गेले,
मोजून.

मंगळवारी बेलापूरच्या कोर्टात
रांग जिन्याखाली उतरलेली.
पहिलीच वेळ साहेब, बहिणीचं लग्न होतं साहेब,
खोकल्याचं औषध साहेब.
सरांचा नंबर आला. गुन्हा कबूल?
कबूल.
दहा हजार दंड, लायसन सहा महिने बंद.
त्यांनी शंभराच्या शंभर नोटा ठेवल्या.
कारकून दुसऱ्यांदा मोजायला लागला तर म्हणाले,
एकदा पुरे. बरोबर आहेत.

दारात माझ्यापाशी थांबले.
शाब्बास म्हणतील, की शिवी घालतील?
मी दोन्हींसाठी तयार उभी होते.
"त्या पुडीचा वास," ते म्हणाले,
"दोन दिवस गेला नाही स्टाफरूममधून."
आई कशी आहे, हे विचारलं नाही.
बरं झालं. सांगावं लागलं असतं.

सहा महिने उलटून गेले.
स्कूटर चौकीच्या भिंतीला टेकून उभी आहे,
सीटवर धूळ, आरशात शेवग्याची फांदी.
सोडवायचा कागद तयार आहे, माझ्याच खणात.
घुगे म्हणतो, फोन कर त्यांना.
करीन.
आज शनिवार. नळ्या संपत आल्यात,
आधी त्या मागवायला हव्यात.