दुसरी धार

चपलांच्या खोक्यात, पातळ कागदात गुंडाळून
केरबा व्हटकरांनी बाटली आणली,
नवा जोड दाखवायला आणावा तशी.
वय चौसष्ट, सुभाषनगर.
लघवीतून रक्त. दुखत नाही.
‘कातड्याला रंग दिऊन दिऊन
आतपतूर मुरला आसंल, मॅडम,’ म्हणाले आणि हसले.
मी हसले नाही.
पुस्तकात असंच काहीसं छापलेलं आहे.

विचारलं, ही पहाटेची का?
ही नको.
रात्रभर साचलेल्यात पेशी विरून जातात,
चेहरा उरत नाही त्यांना.
उठल्यावरची पहिली सोडून द्या,
पाणी प्या, थोडं चाला, मग दुसरी.
तीन दिवस, तीन वेळा.
‘म्हंजी ताजी धार,’ ते म्हणाले,
‘गंगावेशीत म्हशीखाली पेला धरत्यात तशी.
मग चालतच येतो की हितं.’

आले. रोज सव्वानऊला,
रिकामी बाटली त्याच खोक्यात.

यंत्र गरगरून थांबतं.
तळाशी गाळ, नखावर मावेल एवढा.
तो काचेवर पसरायचा, भिजवायचा, रंगवायचा,
आधी जांभळा, मग केशरी, मग हिरवट.
हेही कातडंच,
फक्त आतल्या बाजूचं.

सोमवारी काही नाही.
छत्रीसारख्या पसरट पेशी, थोडं रक्त.
मंगळवारी तेच.
(काही नाही म्हणजे काही नाहीच, असं नसतं.
मवाळ गाठ या काचेला हुलकावणी देते.
हे मी कुणाला सांगत बसत नाही,
कागदावर खाली बारीक अक्षरात असतं.)

बुधवारी, काचेच्या अगदी कडेला
पाच-सहा जणी एकमेकींना बिलगून.
केंद्रं काळीकुट्ट, फुगलेली,
पेशीत दुसऱ्या कशाला जागाच नाही,
आणि कडा
बोथट रापीनं कापल्यासारख्या.

शिरगुप्पे सर बराच वेळ डोळा लावून बसले.
खालच्या चौकात कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं.
‘लिही,’ म्हणाले, ‘संशयास्पद.
आत दुर्बीण घालून बघायला सांग. लवकर.’

लवकर हा शब्द मी दोनदा टाइप केला,
एक खोडला.

संध्याकाळी ते काउंटरशी उभे.
कागदाकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत होते.
‘तुमचीबी रंगल्याती की.
घासू नगासा. खोबरेल लावायचं रातच्याला,
सकाळी लिंबू. चार दिसांत जातंय.
आमचं काय, आता जाईत न्हाई.’
बरं, म्हटलं.
लिफाफा अजून माझ्याच हातात होता.

मग तो दिला. काय बोलले, नीट आठवत नाही.
त्यांनी घडी घालून खिशात ठेवला,
न उघडता, पैसे मोजून दिले, पायऱ्या उतरले.

खोकं राहिलं टेबलावर.
बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय:
आठ नंबर, तपकिरी, एक जोड.